पटावरचे दाणे: १८४४६७४४०७३७०९५५१६१५ या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुद्धिबळ शोधणाऱ्या पंडिताने राजाकडे बक्षीस म्हणून पटाच्या घरागणिक दुप्पट होत जाणारे गव्हाचे दाणे मागितले, ही गोष्ट सांगितली की ऐकणारा आधी थक्क होतो आणि मग प्रश्न विचारायला लागतो. शिष्यवृत्तीची तयारी करणारी मुलं, त्यांचे पालक, निवृत्त शिक्षक, संगणकावर काम करणारी मंडळी, सगळ्यांकडून वर्षानुवर्षं त्याच त्या शंका येत राहिल्या, म्हणून त्या इथे एकत्र केल्या आहेत. सोप्या शंका आधी घेतल्या आहेत, अवघड नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट पुढे लागली, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. २^६४ असं लिहिलं असेल तिथे ‘२ चा ६४ वा घात’ असं वाचावं.

१. ही संख्या नेमकी आली कुठून?

बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरं असतात. पहिल्या घरात गव्हाचा १ दाणा ठेवा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, चौथ्यात ८, म्हणजे दर घरात आधीच्या दुप्पट. चौसष्टही घरांतल्या दाण्यांची बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होते. हीच संख्या २^६४ − १ अशी थोडक्यात लिहितात. ती वीस अंकी आहे.

२. ही वाचायची कशी? मराठीत हिला नाव आहे का?

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अशी दिसते. बोलीत ‘कोटी’च्या पुढे आपण सहसा जात नाही, त्यामुळे वाचताना कोटी दोनदा म्हणावं लागतं: एक लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे सदुसष्ट कोटी कोटी, चव्वेचाळीस लाख सात हजार तीनशे सत्तर कोटी, पंच्याण्णव लाख एक्कावन्न हजार सहाशे पंधरा.

मला मात्र ‘लीलावती’तली स्थानांची नावं वापरून ती वाचायला आवडते. भास्कराचार्यांची यादी एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी आहे. प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट, म्हणून परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्या हिशेबाने आपली संख्या अशी: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्व एकही नाही, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी एकही नाही, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश, ५. यादी परार्धाला संपते आणि आपली संख्या परार्धाच्या १८४ पट भरते. वेगवेगळ्या याद्यांत खर्व, पद्म वगैरे नावांची जागा बदलते, तेव्हा कुणाला सांगताना कोणती यादी घेतली तेही सांगावं.

३. मला उत्तर २^६४ आलं. त्यातून एक वजा का करायचा?

पटाशेजारी आणखी एक सुटा दाणा ठेवा. तो पहिल्या घरातल्या दाण्यात मिळवला की २ होतात. ते दुसऱ्या घरातल्या २ मध्ये मिळवले की ४, ते तिसऱ्यातल्या ४ मध्ये मिळवले की ८. असं घरागणिक सरकत गेलं की शेवटी बरोबर २^६४ दाणे हातात येतात. त्यातला एक सुटा, पटाबाहेरचा होता. तो काढून घेतला की पटावरचे दाणे उरतात: २^६४ − १.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. शेवटच्या एकट्या घरात २^६३ म्हणजे ९२२३३७२०३६८५४७७५८०८ दाणे असतात आणि ते आधीच्या त्रेसष्ट घरांतल्या एकूण दाण्यांपेक्षा फक्त एकाने जास्त असतात.

४. कॅल्क्युलेटरशिवाय वहीत काढता येईल का?

हो, आणि प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी काढावी. ६४ वेळा दुप्पट करायची गरज नाही, सहा वेळा वर्ग करायचा: २ चा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, त्याचा ६५५३६, त्याचा ४२९४९६७२९६ आणि त्याचा वर्ग म्हणजे २^६४. मेहनत काय ती शेवटच्या पायरीला. तिथे ४२९४९६७२९६ चे ४२९४९ आणि ६७२९६ असे दोन तुकडे करून (अ + ब)² चं सूत्र लावा:

४२९४९² = १८४४६१६६०१, त्यापुढे दहा शून्यं
२ × ४२९४९ × ६७२९६ = ५७८०५९१८०८, त्यापुढे पाच शून्यं
६७२९६² = ४५२८७५१६१६

तिन्हींची बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१६. एक वजा केला की झालं. नवाचा ताळाही पाहा: ४२९४९६७२९६ च्या अंकांची बेरीज ५८, म्हणजे १३, म्हणजे ४. चाराचा वर्ग १६, म्हणजे ७. उत्तराच्या अंकांची बेरीज ८८, म्हणजे १६, म्हणजे ७. ताळा जमला.

५. भास्कराचार्यांना हे येत होतं का?

रीत नक्की येत होती. ‘लीलावती’ शके १०७२ ची, म्हणजे इसवी सन ११५० ची. भूमिती श्रेढीची, म्हणजे दर पद आधीच्याच्या ठरावीक पट असलेल्या संख्यांची, बेरीज काढण्यासाठी तिच्यात जो नियम आहे तो असा: पदांची संख्या विषम असेल तर एक कमी करून ‘गुणक’ लिहा, सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ लिहा आणि शून्यापर्यंत जा. मग शेवटाकडून उलट येत, जिथे वर्ग लिहिलाय तिथे वर्ग करा, जिथे गुणक तिथे गुणा. ६४ ला हा नियम लावला तर ६४, ३२, १६, ८, ४, २ या सहा निम्म्या पायऱ्यांपुढे ‘वर्ग’ येतो, म्हणजे वरच्या उत्तरातली आपली सहा वर्गांची वाट.

त्याच ठिकाणी त्यांनी एक उदाहरण घातलं आहे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट द्यायचं कबूल केलं, तर महिन्याभरात किती निष्क दिले? तीस दिवसांची बेरीज २१४७४८३६४६ कवड्या होते. २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म आणि १६ द्रम्मांचा निष्क. या कोष्टकाने उत्तर येतं १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी, ६ कवड्या. करून पाहा, कवडीचाही फरक पडत नाही.

या उत्तरात एक कवडी मिळवली की २१४७४८३६४७ येते, म्हणजे २^३१ − १. ती मूळ संख्या आहे हे स्विस गणिती ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केलं. आणि आजच्या संगणकात ३२ बिटांत (० किंवा १ च्या ३२ जागांत) साठवलेल्या, ऋण संख्याही चालणाऱ्या पूर्णांकाची कमाल मर्यादाही तीच. बाराव्या शतकातल्या त्या दात्याची कवड्यांची थैली त्या मर्यादेच्या एकच कवडी अलीकडे थांबली होती. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारल्याची नोंद आहे. पाटणादेवीला दर्शनाला जाल तेव्हा तो लेख आठवा.

६. राजा आणि बुद्धिबळ शोधणाऱ्या पंडिताची गोष्ट खरी आहे का?

ती दंतकथा आहे. अरबी ग्रंथांत ती सापडते आणि तिथे हा पंडित भारतीय असल्याचं सांगितलं जातं. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकानने लिहिलेली आवृत्ती बरीच प्रसिद्ध आहे. त्याच्याही आधी, इसवी सन १००० च्या सुमारास, अल्-बिरुनीने पटाच्या घरांची ही बेरीज केली होती. गोष्टीतला राजा झाला असेल नसेल, बेरीज मात्र हजार वर्षांपूर्वीच झाली होती.

७. एवढा गहू म्हणजे किती? डोळ्यांसमोर येईल असं सांगा.

हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरू. चांगल्या पोसलेल्या गव्हाचं तेवढं भरतं. पटाच्या पहिल्या ओळीत २५५ दाणे, म्हणजे दहा ग्रॅम, चिमूटभरापेक्षा थोडे जास्त. दोन ओळी झाल्या की अडीच किलोच्या थोडं वर. तीन ओळींत ६७१ किलो, म्हणजे पन्नास किलोच्या साडेतेरा गोण्या. चौथी ओळ संपली की १७२ टन, म्हणजे सतरा-अठरा ट्रक. राजा इथपर्यंत हसतच असणार.

अर्धा पट झाला, अजून अर्धा बाकी. पण या उरलेल्या अर्ध्यात पहिल्या अर्ध्याच्या ४२९४९६७२९६ पट गहू लागतो. एकूण भरतो सुमारे ७३,८०० कोटी टन. जगात आज वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो, तेव्हा सगळ्या जगाने एक दाणाही न खाता नऊशेहून अधिक वर्षं तो साठवत राहायला हवं. एकट्या भारताच्या पिकावर भागवायचं तर साडेसहा हजार वर्षांच्या आसपास. हाच गहू महाराष्ट्राच्या ३,०७,७१३ चौरस किलोमीटरवर सपाट पसरला, तर गोंदियापासून सिंधुदुर्गापर्यंत सगळीकडे सुमारे तीन मीटर उंचीचा थर होईल. साध्या घराची खिडकी त्यात बुडून जाते.

८. ही मूळ संख्या आहे का?

नाही. शेवटी ५ आहे, म्हणजे ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७, म्हणजे ३ नेही जातो. ९ ने जात नाही, कारण ८७ ला ९ ने भाग जात नाही. २^न − १ या रूपाच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात आणि त्यांतली एखादी मूळ असायची तर घातांक ‘न’ स्वतः मूळ असावा लागतो. ६४ संयुक्त, म्हणून आशाच नव्हती. (उलट बाजू खरी नाही, त्यासाठी प्रश्न १८ पाहा.)

९. वीस अंकी संख्येचे मूळ अवयव हाताने कसे काढणार?

या संख्येवर माझा जीव आहे तो याच कारणासाठी. एखादी मनाला येईल ती वीस अंकी संख्या दिली तर तिचे अवयव वहीत काढणं जिवावर येईल. ही संख्या मात्र सातवीतल्या एका सूत्राने उलगडते: अ² − ब² = (अ + ब)(अ − ब).

२^६४ − १ = (२^३२ + १)(२^३२ − १). उजवीकडच्या कंसाला पुन्हा तेच सूत्र लावा: (२^१६ + १)(२^१६ − १). पुन्हा लावा, आणि लावतच राहा. शेवटी उरतं:

(२^३२ + १) × (२^१६ + १) × (२^८ + १) × (२^४ + १) × (२^२ + १) × (२ + १)

म्हणजे ४२९४९६७२९७ × ६५५३७ × २५७ × १७ × ५ × ३. यातल्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाचही मूळ संख्या. यांना फर्मा संख्या म्हणतात. फ्रेंच गणिती पियेर द फर्माचा १६४० च्या सुमारास असा समज झाला होता की ही माळ पुढेही मूळच राहील. ती नेमकी पुढच्याच मण्याला, म्हणजे ४२९४९६७२९७ ला तुटली. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो आणि भागाकार ६७००४१७ येतो. तोही मूळ आहे. तेव्हा पूर्ण अवयव असे:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात मूळ अवयव, प्रत्येक एकदाच.

१०. ६४१ ने भाग जातो हे भागाकार न करता पटवून देता येईल का?

येईल, आणि फार सुंदर रीतीने. ६४१ दोन प्रकारे लिहा. एक, ६४१ = ५ × १२८ + १, म्हणजे ५ × २^७ + १. दोन, ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४.

आता ६४१ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीकडेच बघू. पहिल्या रूपावरून ५ × २^७ ची बाकी −१ इतकी धरता येते. तिचा चौथा घात घेतला तर ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या रूपावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतं. मग −२^४ × २^२८, म्हणजे −२^३२ ची बाकी १. याचाच अर्थ २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. झालं. दहावीच्या मुलाला फळ्यावर चार ओळींत दाखवता येतं.

ऑयलर स्वतः या वाटेने आला नव्हता. त्याने आधी हे ओळखलं की या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असायला हवा. तशा मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचव्या प्रयत्नालाच भाग गेला.

११. एकूण विभाजक किती? ही परिपूर्ण संख्या आहे का?

सात वेगवेगळे मूळ अवयव (प्रश्न ९), प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून विभाजक २^७ = १२८. सगळ्या विभाजकांची बेरीज संख्येच्या सुमारे १.७ पट होते. परिपूर्ण असायला ती बरोबर दुप्पट हवी. तेव्हा ही परिपूर्ण नाही, न्यून आहे.

१२. दोनांपासूनच बनलेल्या संख्येत २ हा अंकच नाही, हे खरं का?

खरं आहे. ० ते ९ मधले बाकी सगळे अंक हजर आहेत, २ तेवढा गैरहजर. यामागे कोणतंही गूढ कारण नाही, हा योगायोग आहे. पण लक्षात राहण्यासारखा आहे.

१३. परीक्षेत ‘७ ने भागल्यास बाकी किती’ असं विचारतात. एवढा भागाकार कोण करणार?

कुणीच करू नये. २ चे घात ७ ने भागत गेलं की बाकी २, ४, १, २, ४, १ अशी फिरत राहते. चक्र तिनाचं. ६४ ला ३ ने भागून १ उरतो, म्हणून २^६४ ची बाकी २ आणि आपल्या संख्येची १. शेवटचा अंकही असाच मिळतो: दोनाच्या घातांचा एकक स्थानचा अंक २, ४, ८, ६ असा चाराच्या चक्रात फिरतो, ६४ ला ४ ने भाग जातो, म्हणून ६, आणि एक वजा करून ५. ११ साठी चक्र दहाचं, १३ साठी बाराचं. बाक्या अनुक्रमे ४ आणि २ येतात, पडताळून पाहा.

१४. ही पूर्ण वर्ग आहे का? दोन किंवा तीन वर्गांची बेरीज तरी?

यांपैकी काहीच नाही. कोणत्याही वर्गाला ८ ने भागलं की बाकी ०, १ किंवा ४ एवढीच येते. आपल्या संख्येची बाकी ७ आहे, कारण २^६४ ला ८ ने पूर्ण भाग जातो आणि आपण एक कमी आहोत. ०, १, ४ यांतून तीन आकडे निवडून त्यांच्या बेरजेची बाकी ७ आणता येत नाही. त्यासाठी ४ + १ + १ + १ असे चारच लागतात. चार वर्गांत मात्र ती बसणारच, कारण प्रत्येक पूर्ण संख्या चार किंवा कमी वर्गांची बेरीज असते, हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं.

१५. सगळे दाणे त्रिकोणात रचता येतील का? पहिल्या ओळीत १, दुसरीत २, तिसरीत ३ असे?

म्हणजे ही त्रिकोणी संख्या आहे का, असा प्रश्न. उत्तर ‘नाही’ आहे, पण त्या ‘नाही’मागे रामानुजन उभे आहेत.

त्रिकोणी संख्येची आठपट करून त्यात १ मिळवला की पूर्ण वर्ग येतो. आपल्या संख्येला हे केलं की २^६७ − ७ मिळतं. तेव्हा प्रश्न असा होतो: २^६७ − ७ हा पूर्ण वर्ग आहे का? रामानुजन यांनी १९१३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात नेमका हाच प्रकार मांडला होता: २^न − ७ हा पूर्ण वर्ग न = ३, ४, ५, ७, १५ असताना होतो, आणखी कधी होतो का? (या सोसायटीचं ग्रंथालय तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होतं.) आणखी कधीच होत नाही, ही सिद्धता नॉर्वेच्या ट्रिग्व्हे नागेल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. ६७ त्या पाचांत नाही. विषय संपला.

मग पटाची किती घरं भरल्यावर दाणे त्रिकोणात बसतात? एक घर भरल्यावर १ दाणा, दोन घरांनंतर ३, चार घरांनंतर १५, आणि बारा घरांनंतर ४०९५. बारा घरांचे दाणे घेऊन बसलात तर ९० ओळींचा त्रिकोण बरोबर पुरा होतो. त्यानंतर पट कितीही मोठा केला तरी पुन्हा कधीच नाही.

१६. एवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतो का?

तत्त्वतःही नाही. विषम बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता यायचा तर बाजूंची संख्या वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचाच गुणाकार असावी लागते. गाउसने १७९६ मध्ये १७ बाजूंचा बहुभुज काढता येतो हे दाखवून ही वाट उघडली आणि वांझेलने १८३७ मध्ये उलट बाजू सिद्ध केली. आपल्या संख्येत ६४१ आणि ६७००४१७ हे दोन अवयव फर्मा संख्या नाहीत, तिथे ती अडते.

पण अर्ध्या पटाचे दाणे घ्या: २^३२ − १ = ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. आजवर माहीत असलेल्या सगळ्या फर्मा मूळ संख्या यात आल्या. म्हणून जो पट्टी-कंपासने काढता येतो हे आपल्याला ठाऊक आहे, असा विषम बाजूंचा सर्वांत मोठा सुसम बहुभुज बरोबर अर्ध्या पटाच्या दाण्यांइतक्या बाजूंचा आहे.

१७. काशीच्या मंदिरात पुजारी ६४ सोन्याच्या चकत्या हलवताहेत आणि त्या संपल्या की जगाचा अंत, हे खरं का?

असं मंदिर नाही. ‘हनोईचा मनोरा’ (तीन खांब, एका वेळी एकच चकती हलवायची, लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही) हे कोडं फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये बाजारात आणलं आणि ही काशीची कथाही त्या खेळासोबतच प्रसिद्ध झाली. गणित मात्र खरं आहे. न चकत्या हलवायला कमीत कमी २^न − १ चाली लागतात, म्हणून ६४ चकत्यांना बरोबर आपली संख्या. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,४५० कोटी वर्षं. विश्वाचं आजचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे, त्याच्या बेचाळीस पट. कारण सरळ आहे: सर्वांत खालची चकती एकदा हलवण्यासाठी वरच्या सगळ्या आधी बाजूला न्याव्या लागतात आणि नंतर परत आणाव्या लागतात, म्हणजे एक चकती वाढली की काम दुप्पट अधिक एक.

१८. तिच्या शेजारपाजारी मूळ संख्या आहेत का?

२^६४ च्या खालची सर्वांत मोठी मूळ संख्या २^६४ − ५९, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१५५७. वरची पहिली २^६४ + १३. या दोघींमध्ये ७२ चं अंतर आहे आणि आपली संख्या त्या ओसाड पट्ट्यात बसली आहे.

मर्सेन संख्यांमध्ये पाहिलं तर मागची मूळ संख्या २^६१ − १ आहे, म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१. ती मूळ असल्याचं रशियातल्या इव्हान पेर्वुशिन या धर्मगुरूने १८८३ मध्ये दाखवलं. तिच्यानंतरची थेट २^८९ − १. मधला २^६७ − १ अनेक वर्षं मूळ मानला जात होता, घातांक ६७ मूळच आहे ना! १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी ती १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ आहे हे दाखवलं. प्रश्न ८ मधल्या ‘उलट बाजू खरी नाही’चं हे उदाहरण. लहान उदाहरण हवं असेल तर २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

१९. एक्सेलमध्ये उत्तर १८४४६७४४०७३७०९६००००० येतं. मग तुमचं चूक की एक्सेलचं?

एक्सेल फक्त पहिले पंधरा अंक दाखवतं आणि पुढे शून्यं भरतं. सूत्राने काढलं तर पंधरावा अंक जवळच्या मूल्याला नेऊन …०९६००००० दिसतं. तीच संख्या टंकून भरली तर पंधराच्या पुढचे अंक नुसते कापले जातात आणि …०९५००००० दिसतं. एकाच संख्येची दोन रूपं दिसल्याने बरेच जण गोंधळतात.

आत खोलवर आणखी एक अडचण आहे. एक्सेल संख्या ज्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) मांडणीत साठवतं, तिच्यात २^६४ च्या जरा खालच्या लगतच्या दोन संख्यांमध्ये २०४८ चं अंतर असतं. म्हणून तिथे २^६४ आणि २^६४ − १ यांत फरकच उरत नाही, एक वजा केलेला दिसतच नाही. अचूक उत्तर हवं असेल तर पायथनसारखी भाषा वापरा, तिथे पूर्णांकांना लांबीची मर्यादा नाही. किंवा प्रश्न ४ प्रमाणे वही घ्या.

२०. आमच्या प्रोग्रॅमच्या नोंदींत अचानक १८४४६७४४०७३७०९५५१६१५ छापलं जातं. कुठून येतं?

बहुतेक वेळा ते −१ असतं. द्विमान पद्धतीत आपली संख्या म्हणजे ओळीने ६४ एक. ६४ बिटांच्या जागेत, ऋण संख्या न मानणाऱ्या पूर्णांकाची हीच कमाल मर्यादा. आता जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा डोळ्यांसमोर आणा: ००००० वरून एक घर मागे फिरवला की ९९९९९ येतं. संगणकातही शून्यातून एक वजा केला की सगळे बिट १ होतात. ऋण संख्या चालणाऱ्या चलात ते −१ म्हणून वाचलं जातं, न चालणाऱ्या चलात पटावरचे सगळे दाणे म्हणून. तेव्हा शोध दोन ठिकाणी घ्या: शून्य असलेल्या मोजणीतून एक वजा होतोय का, आणि ‘सापडलं नाही’ सांगण्यासाठी −१ परत करणारं उत्तर चुकीच्या प्रकारच्या चलात साठवलं जातंय का. आणि या संख्येत एक मिळवला तर? काटा पुढे फिरून ० येतो.

२१. एक पट पुरत नाही. दोन पट जोडले तर? चार, आठ?

हा प्रश्न बहुधा मुलंच विचारतात आणि सर्वांत लांब नेणारा हाच आहे.

दोन पट म्हणजे १२८ घरं, दाणे २^१२८ − १. प्रश्न ९ चं सूत्र लावा: आपली संख्या गुणिले (२^६४ + १). म्हणजे आपले सातही अवयव तसेच राहतात आणि नवे फक्त २^६४ + १ चे काढायचे उरतात. तिचे अवयव २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. फ्रान्सच्या फोर्च्युने लांद्री यांनी १८८० मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, ते हाताने काढून प्रसिद्ध केले.

पट दुप्पट करत गेलात की दर वेळी एकच नवी फर्मा संख्या येते. चौसष्ट पट, म्हणजे ४०९६ घरांपर्यंतच्या दाण्यांचे सगळे मूळ अवयव आज माहीत आहेत. १२८ पट मांडले की २^४०९६ + १ ही संख्या आड येते. तिचे काही अवयव सापडले आहेत, पण उरलेला मोठा तुकडा संयुक्त आहे हे माहीत असूनही तो अजून कुणाला फोडता आलेला नाही.